सोंग, मुद्रा आणि लोकमत

मुखाकृतीवर शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या नटनट्यांविषयी आज जी चर्चा चालते, तिच्यात दोनच सूर प्रामुख्याने ऐकू येतात. एक वैद्यकाचा : नाक, ओठ, हनुवटी यांची मापे कितपत सुधारली, एवढाच त्याचा प्रश्न. दुसरा नीतीचा : जिने चेहरा बदलला ती व्यक्ती लोकांशी प्रामाणिक राहिली काय, हा त्याचा प्रश्न. कलासमीक्षेचा म्हणून काही निराळा सूर या चर्चेत फारसा लागलेला नाही. वास्तविक चेहरा हे नटाच्या कलेचे साधन आहे. साधनात बदल झाला म्हणजे कलेत काय घडते, हा प्रश्न समीक्षेच्याच कक्षेतला होय. तो तिने न विचारल्यामुळे वृत्तपत्री कुजबुजीलाच मताची प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास पालघर जिल्हा विशेष सोयीचा आहे. ठाणे जिल्ह्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झालेला हा जिल्हा डोंगर आणि किनारा अशा दोन पट्ट्यांत विभागलेला दिसतो. पूर्वेकडे जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात मुखवटे नाचविण्याची बोहाड्याची परंपरा आहे. पश्चिमेकडे बोईसर-तारापूरचा पट्टा आहे. तेथे १९६९ साली अणुविद्युत केंद्र सुरू झाले, औद्योगिक वसाहत उभी राहिली, अनेक प्रांतांतून कामगार आले आणि २०१३ पासून मुंबईची उपनगरी गाडीही डहाणू रोडपर्यंत धावू लागली. या पट्ट्यातील माणसाला चेहऱ्याचे दर्शन घडते ते मुख्यतः पडद्यावर. चेहरा पाहण्याच्या दोन अगदी भिन्न रीती अशा एकाच जिल्ह्यात शेजारी शेजारी नांदत आहेत. त्यांची तुलना केली असता नटाच्या बदललेल्या मुद्रेवर लोक रागावतात ते का, याचा काही उलगडा होऊ शकतो.

बोहाडा बहुधा चैत्र-वैशाखात, रात्रीच्या वेळी, मशालींच्या उजेडात होतो. आरंभी गणपती आणि शारदा येतात. मग देव, दैत्य, राक्षस, वीर अशी सोंगे एकामागून एक संबळाच्या ठेक्यावर नाचत पुढे सरकतात. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे, ठळक रंगांत रंगविलेले असतात. मुखवट्याला अर्थातच हालचाल नाही. रावणाची भुवई चढत नाही, शारदेचा ओठ विलग होत नाही. भाव उमटतो तो खांद्यांतून, पावलांतून, मान तोलण्याच्या लकबीतून. स्थिर मुद्रेला शरीर गती देते. आणि प्रेक्षक बऱ्याच अंतरावरून, हलत्या उजेडात, शरीर व मुद्रा ही दोन्ही एकदमच पाहत असतो. मुखवट्याआड कोण आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असते. तरीही त्या सोंगापुढे हात जोडले जातात. येथे फसवणूक नाही, कारण करार उघड आहे.

याच जिल्ह्यातील वारली चित्रांत तर माणसाच्या मुद्रेला जवळजवळ फाटाच दिलेला असतो. दोन त्रिकोणांचे धड आणि वर लहानसे वर्तुळाकार मस्तक. नाकडोळे नाहीत. स्त्री ओळखावयाची ती अंबाड्यावरून, आणि कोण काय करीत आहे हे कळते ते अंगाच्या कलावरून. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी ही चित्रशैली जगभर नेली, तेव्हाही त्यांच्या माणसांना नाकडोळ्यांची उणीव कधी भासली नाही. हे केवळ अनुषंगाने सांगितले. तथापि, ओळख चेहऱ्यातच वसते हा नागर समज सार्वत्रिक नाही, एवढे त्यावरून ध्यानात यावे.

आता ‘सोंग’ या शब्दाकडे पाहावे. डोंगरपट्ट्यात सोंग आणणे हे मानाचे काम आहे. व्यवहाराच्या मराठीत मात्र ‘सोंग करतो’ म्हणजे ढोंग करतो. ‘सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही’ या म्हणीत या दोन्ही अर्थांची सरमिसळ झालेली आहे. (पैशाचे सोंग आणता येत नसले, तरी पैशाने सोंग आणता येते, हे म्हण करणाऱ्यांच्या काळी कोणाच्या स्वप्नातही नसावे.) सौंदर्यशस्त्रक्रिया केलेल्या नटीवर लोक जो आरोप करतात तो या दुसऱ्या अर्थाचा असतो. तिने मुखवटा घातला, ही त्यांची मुख्य तक्रार नव्हे. करार न करता घातला, ही तक्रार आहे. पडद्यावरील निकटदृश्य प्रेक्षकाला असे आश्वासन देत असते की, हा चेहरा खरा आहे. भूमिका खोटी असेल, पण गालावरचे पाणी या माणसाचेच आहे. ते आश्वासन मोडल्यासारखे वाटते, म्हणून राग येतो.

चेहरा ही सार्वजनिक मालमत्ता आहे ही समजूत मराठी भाषेतच खोल रुजलेली आहे. नाक कापले जाते ते अब्रूचे. तोंड काळे होते ते कुळाचे. तोंड दाखवावयास जागा राहत नाही ती समाजात. नाकाचा आणि लोकमताचा हा संबंध केवळ वाक्प्रचारापुरता नव्हता, हे पुण्याच्या एका प्रसिद्ध प्रकरणावरून दिसून येते. १७९२ च्या म्हैसूर युद्धात इंग्रजी फौजेबरोबर असलेला एक मराठा गाडीवान टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात तोडण्यात आला. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव कावसजी असे आले आहे. वर्षाहून अधिक काळ तो तसाच वावरला. नंतर पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी उतरवून तिचे नवे नाक बसविले. जेम्स वेल्स या चित्रकाराने त्याचे चित्र काढले आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत प्रसिद्ध झाली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने १८१४ साली लंडनमध्ये हाच प्रयोग केला व १८१६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. आधुनिक नासासंधानाची युरोपातील सुरुवात या हकीकतीतून झाली. त्या अनाम कारागिराचे ऋण मात्र कोणी फारसे मोजलेले नाही.

कावसजीच्या नव्या नाकाला कोणी सोंग म्हटले असण्याचा संभव नाही. गेलेले परत मिळविणे आणि नसलेले नव्याने मिळविणे यांत लोकमत स्पष्ट भेद करते. विसाव्या शतकात डॉ. नोशीर अंतिया (१९२२–२००७) यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात रोगाने बसलेली नाके पुन्हा उभी केली. त्या नाकांनी रुग्णाला माणसांत परतण्याचा मार्ग मोकळा करून दिला. शस्त्र तेच, त्वचा तीच, हातही कदाचित तसाच कुशल. पण एका ठिकाणी समाज आशीर्वाद देतो आणि दुसऱ्या ठिकाणी उपहास करतो. हा भेद न्याय्य आहे की नाही याची चर्चा येथे अप्रस्तुत ठरेल. तो भेद चेहऱ्याच्या मापांतून निघत नाही, हे महत्त्वाचे.

मापांचा विचार भारतीय परंपरेला नवा नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत प्रतिमेचे मुख बारा अंगुळे मानले असून कपाळ, नाक आणि हनुवटी यांना प्रत्येकी चार अंगुळांचा समान वाटा दिला आहे. आजचा सौंदर्यशस्त्रवैद्यही चेहऱ्याचे कपाळ, मध्यभाग व अधोभाग असे तीन समान आडवे भाग कल्पितो. दोघांच्या हेतूंत मात्र महदंतर आहे. शिल्पशास्त्राला देवाची मूर्ती घडवावयाची होती. तिला पूर्वीचा चेहरा नव्हता, तिची आठवण कोणाजवळ नव्हती. शस्त्रवैद्य ज्या चेहऱ्यावर तीच पट्टी लावतो, तो हजारोंच्या स्मरणात आधीच कोरला गेलेला असतो. शिवाय ही पट्टी जिवंत माणसांना बसतेच असेही नाही. कॅनडातील लेस्ली फार्कश यांनी १९८५ साली तरुण व निरोगी चेहऱ्यांची प्रत्यक्ष मापे घेऊन ही जुनी सूत्रे तपासली, तेव्हा त्यांतील बरीचशी बहुसंख्य चेहऱ्यांना लागू पडत नसल्याचे आढळले. ज्याला तोल म्हणावयाचे, तो बहुतेक सुरेख चेहऱ्यांत मुळी नसतोच.

मग प्रेक्षक ‘चेहऱ्याचा तोल गेला’ असे म्हणतो तेव्हा त्याला काय म्हणावयाचे असते? मानसशास्त्राने याचे उत्तर बरेच जवळ आणून ठेवले आहे. पीटर थॉम्प्सन यांनी १९८० मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या छायाचित्रातील डोळे आणि तोंड तेवढे उलटे करून ते चित्र दाखविले. चित्र पालथे धरले की विपरीत असे काही जाणवत नाही. सुलटे धरताच ते भेसूर दिसते. चेहरा आपल्या ओळखीत येतो तो सुट्या अवयवांची बेरीज म्हणून येत नाही. अवयवांमधील परस्परसंबंधांची एक घट्ट वीण म्हणून येतो. त्या विणीतला एक धागा ओढला की सारे वस्त्र चुरगळते. तोल गेला म्हणजे आठवणीशी जुळेना, असाच त्याचा खरा अर्थ आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकन नटी जेनिफर ग्रे हिचे. १९८७ च्या ‘डर्टी डान्सिंग’ या चित्रपटाने ती घराघरांत पोहोचली. तिचे ठसठशीत नाक हीच तिची खूण होती. पुढे त्या नाकावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. नाक मापाला आले असेल. परंतु तिला ओळखणारेही तिला ओळखेनासे झाले आणि तिची कारकीर्द मंदावली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात तिने हे स्वतःच सांगितले आहे. येथे कोणी तिला कुरूप म्हटले नाही. लोकांनी तिला ओळखले नाही, आणि नटीच्या बाबतीत ते कुरूपतेहून वाईट.

मुंबईच्या चित्रसृष्टीतील प्रियांका चोप्रा हिचा अनुभव याच्या उलट दिशेचा आहे. २००० सालची ही विश्वसुंदरी. नाकातील एक गाठ काढताना नाकाचा कणा चुकून खचला, आरशातला चेहरा आपलाच आपल्याला परका वाटला, पुढे दुरुस्तीच्या शस्त्रक्रिया कराव्या लागल्या आणि काही चित्रपट हातचे गेले, असे तिने स्वतः लिहून व बोलून सांगितले आहे. तिचे आत्मकथन २०२१ मध्ये आले. मधल्या वर्षांत वृत्तपत्रांनी तिला ‘प्लास्टिक चोप्रा’ हे नाव बहाल केलेले होते. कावसजीप्रमाणेच तिचेही गेलेले परत मिळविणेच होते. पण ते कोणाला ठाऊक नसल्याने लोकांनी त्यात सोंग पाहिले. नंतर ओळख रुळली, नवा चेहराच तिचा झाला, आणि आज पुष्कळांना जुना चेहरा छायाचित्र दाखवावे तेव्हा आठवतो. म्हणजे लोकमताने क्षमा केली असे नव्हे. स्मृतीने आपली जागा बदलली, इतकेच.

या दोन्ही उदाहरणांत नटीने चेहरा बदलला किंवा तो बदलावा लागला, आणि कला त्याच्या मागून फरफटत गेली. ज्या उदाहरणात कलेने बदललेला चेहरा हाती घेतला, ते मराठी वाचकाच्या अधिक जवळचे आहे. ललिता पवार यांचा जन्म १९१६ मध्ये येवल्याचा. मूकपटांच्या काळात त्या पडद्यावर आल्या आणि बोलपट आल्यावर नायिका म्हणून स्थिरावल्या. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रणात सहनट भगवान यांना त्यांच्या थोबाडीत मारावयाची होती. चापट अनवधानाने जोरात बसली. चेहऱ्याच्या डाव्या बाजूला पक्षाघात झाला, दीर्घकाळ उपचार चालले, आणि डाव्या डोळ्यातील वैगुण्य कायमचे राहिले. नायिकेच्या भूमिका संपल्या.

येथपर्यंतची कथा सर्वश्रुत आहे आणि ती बहुधा दैवदुर्विलासाची म्हणून सांगितली जाते. समीक्षेने त्यापुढे जावयास हवे. १९४४ च्या प्रभातच्या ‘रामशास्त्री’त ललिताबाई आनंदीबाई झाल्या. मराठी मनात आनंदीबाईंचा अपराध एका अक्षराचा आहे : ‘ध’ चा ‘मा’. ललिताबाईंच्या चेहऱ्यातही एवढाच, एका डोळ्याचा, फरक झाला होता. आणि साऱ्या मुद्रेचा अर्थ पालटला होता. त्यानंतर सासू, सावत्र आई, कजाग आत्या या भूमिकांची रांग लागली. प्रेक्षकाने अपघातातून आलेल्या खुणेला स्वभावाची खूण मानले. हा अन्याय होता, यात शंका नाही. मात्र तो नुसता सोसून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी त्यातून एक साधन घडविले.

ते साधन कोणते? त्यांच्या मुद्रेचा एक डोळा अर्धमिटला, जवळजवळ मुखवट्याचा. दुसरा पूर्ण उघडा, सजीव, चंचल. बोहाड्यात स्थिर मुद्रेला शरीर गती देते असे वर म्हटले आहे. ललिताबाईंच्या निकटदृश्यात हे काम चेहऱ्याच्याच दुसऱ्या अर्ध्या भागाने केले. एक अर्धा भाग सोंग, दुसरा अर्धा माणूस. ‘अनाडी’तील (१९५९) मिसेस डिसा वरून तापट आणि आतून मायाळू आहेत, ही द्विधा लेखकाने लिहिली होती हे खरे, परंतु ती सांगावयास त्यांना संवादाची गरज कमीच भासते, कारण ती चेहऱ्यात आयतीच उभी आहे. या भूमिकेबद्दल त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. त्याआधी ‘श्री ४२०’ मधील (१९५५) केळीवाल्या गंगामाईत तीच मुद्रा निखळ वात्सल्याची झाली होती. जो चेहरा दुष्टपणाचा पुरावा ठरला होता, त्याच्यावर प्रेक्षकांनी विश्वास टाकला. अवयव तेच, मापे तीच. बदलले होते ते नाते.

‘प्रोफेसर’ (१९६२) हा चित्रपट या दृष्टीने अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे. त्यात ललिताबाई कडक शिस्तीची आत्या आहेत आणि म्हाताऱ्याचे सोंग घेतलेल्या तरुण नायकावर ती आत्या अनुरक्त होते. प्रेक्षक हसतो. तो नेमका कशाला हसतो, याचा विचार केला तर हास्य थोडे कडवट होते. खोटी दाढी लावणाऱ्याचे सोंग त्याला मान्य आहे, कारण त्या कराराची त्याला कल्पना आहे. हास्यास्पद ठरते ती खरी मुद्रा असणारी स्त्री, तिने प्रेमाची इच्छा धरली म्हणून. सौंदर्यशस्त्रक्रियेकडे स्त्रिया का वळतात, या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाच्या ग्रंथांपेक्षा या एका हशात अधिक स्पष्ट ऐकू येते. वय वाढलेल्या नटाच्या टोपाची कोणी चौकशी करीत नाही. तोच नायक वीस वर्षांनी लहान नायिकेबरोबर गातो, आणि त्याच्या सुरकुत्यांना ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणतात.

आजच्या शस्त्रक्रियेची कलेच्या दृष्टीने खरी अडचण येथे उकलते. कपाळावरील आठ्यांसाठी बोट्युलिनम विषाच्या वापरास अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळाली आणि पुढे त्याचा प्रसार सर्वत्र झाला. ते टोचले असता स्नायू काही महिने निश्चल होतात, म्हणजे चेहऱ्याचा तेवढा भाग मुखवटा होतो. मुखवटा असणे हा दोष नव्हे. मोखाड्याचा रावण त्याची साक्ष देईल. दोष असा की, निकटदृश्य शरीर कापून टाकते आणि मुखवट्याला जे शरीर हवे असते तेच त्याच्यापासून हिरावून घेते. उरतो तो न हलणारा चेहरा, ज्याच्या साहाय्याला खांदे नाहीत, पावले नाहीत, संबळ नाही. अशा नटीचा अभिनय ‘खोटा’ वाटतो तो तिच्या नीतीमुळे नव्हे, चौकटीमुळे. दिग्दर्शकाने कॅमेरा चार पावले मागे नेला तर तीच नटी कदाचित पुन्हा जिवंत होईल. परंतु परीक्षणे लिहिणारे तिच्या डॉक्टरची चौकशी करतात. कॅमेऱ्याच्या अंतराची करीत नाहीत.

जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘रामायण’ लागत असे. त्यात मंथरा होत्या ललिता पवार, वयाच्या सत्तरीत. ज्या जिल्ह्याच्या एका टोकाला रामकथेतील रावण मुखवटा घालून नाचतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला, बोईसर-तारापूरच्या कामगारवस्त्यांत, त्याच कथेतील मंथरा काचेच्या पडद्यावर आली. डोंगरातल्या प्रेक्षकाला माहीत असते की रावण हा आपल्याच गावचा अमुक आहे. पडद्यासमोरच्या मुलाला अशी कोणतीच माहिती नव्हती. १९४२ ची चापट त्याच्या जन्माआधीची; मूकपटातली नायिका त्याच्या आजीच्याही स्मरणातून गेलेली. त्याला तो डोळा मंथरेचाच वाटला. पंचेचाळीस वर्षांत अपघाताने आलेला असमतोल हाच त्या चेहऱ्याचा तोल झाला होता. कोणी शस्त्रक्रिया करून तो डोळा सारखा केला असता, तर त्या मुलाने मंथरेला ओळखलेच नसते.

या निष्कर्षाला एक मर्यादा आहे आणि ती सामग्रीची आहे. अपघातापूर्वीच्या मुद्रेचा आणि नंतरच्या मुद्रेचा अभिनय शेजारी शेजारी ठेवून तपासता आला असता, तर वरील विधाने अधिक नेमकी करता आली असती. परंतु भारतीय मूकपटांपैकी फारच थोडे आज शिल्लक आहेत. त्या काळच्या ललिता पवार आता मुख्यतः स्थिरचित्रांत भेटतात. आणि स्थिरचित्रात दोन्ही डोळे सारखे दिसले, तरी ते कसे हलत होते हे त्यावरून समजत नाही.